नवालच्या नावाचा निधी

—हलू नका बाई, टाचणी लागेल. झगा उद्घाटनाला घालायचाय म्हणालात — म्हणजे त्या कारंज्याच्याच ना? नाही, शिवते की, मला काय! तुम्ही या रशीद गावात नवीन, तुम्हाला कुठलं ठाऊक. ते कारंजं माझ्या पोरीच्या नावाच्या पैशांवर उभं राहिलंय — अहो, दचकू नका म्हणते ना!

नवाल माझी. सतरा वर्षांची. नर्सिंग शिकायला रोज नदीपलीकडे जायची — त्या होड्यांत माणसं कशी कोंबतात, बघितलंयत ना? कलंडली एक दिवस. संपलं. चाळिसाव्या दिवशी करिमान आली — शेजारीण कसली, बहीणच, आमची लग्नं एकाच आठवड्यात झालेली — म्हणाली, "इन्शिराह, रडून पोर परत येते का? तिच्या नावानं काहीतरी उभं करू." मग दोघी दारोदार हिंडलो. कोळ्यांनी एका दिवसाची मासळी दिली, आंधळ्या उम्म बहीजनं हातातली बांगडी उतरवली — म्हणाली, मला कुठे मिरवायचीय! मूळ रकमेला हात लावायचा नाही, तिच्या उत्पन्नातून मुलींना चांगली होडी आणि पुस्तकं — आणि कोणाला द्यायचं, ते दरवर्षी सगळ्या गावानं बसून, हात वर करून ठरवायचं. कोळ्याचा हात आणि डॉक्टरचा हात, किंमत एकच. अकरा मुली नर्स झाल्या, बाई! ते बघून दुसऱ्या गल्ल्यांनीही निधी काढले — शाळेचा, म्हाताऱ्यांचा — सगळ्यांची मिळून संस्था झाली. अध्यक्ष कोण? करिमान. मीच नाव सुचवलं.

मग आला तो अलेक्झांड्रियाचा हाजी शौकत. मोठी देणगी देतो — पण लहानसहान निधी एकात मिसळा आणि ठरवायला पाच माणसं पुरेत. पहिलं काम काय, तर त्याच्या बापाच्या नावाचं कारंजं. नाईलच्या काठावर कारंजं! हसा, हसा, मीही हसले होते. गेल्या महिन्यात रिदा आली, रडत — कोळ्याचीच पोर — म्हणे, खाला, यंदा होडी बंद झाली. गेले तशीच कचेरीत. करिमाननं मला बाहेर बसवलं — मला! — तासाभरानं आली, म्हणते, "नवालचं नाव कारंज्याच्या फरशीवर कोरलंय की." दोनशे नावांत! लोक पाय देऊन जाणार त्यावर.

काय म्हणता? गावानं नाही म्हणायचं? अहो, म्हणणारच होतं! निधी मिसळायचे का, ते ठरवायच्या सभेत एक हात वर जात नव्हता. सगळे बघत होते, नवालची आई काय करते. आणि करिमान माझ्याकडे बघत होती. आदल्या दिवशी माझ्याच ओट्यावर बसून म्हणाली होती — "नवालचा निधी वेगळाच राहील, माझा शब्द." चाळीस वर्षांत खोटं बोलली नव्हती ती माझ्याशी. मग मी... खांदा सरळ ठेवा... मी केला हात वर. पहिला. माझ्यामागून भराभर सगळे. उम्म बहीजनं शेजारणीला विचारलं, "इन्शिराहनं केला का?" आणि मग तिनंही केला.

...हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रिदालाही नाही. तिला म्हणाले, करिमाननं फसवलं. फसवलंच ना? — नाही, तुम्ही नका बोलू. झालं माप. काढा तो झगा, सांभाळून. आणि दुसरीकडे शिवून घ्या, बाई — माझ्यानं नाही व्हायचा. जा.