जोडीनं पाहायची मालिका

हसू नका, पण मी सध्या माझ्या सख्ख्या आईवर जळून राहिलो आहे.

ती पोलिसांची नवी मालिका आहे ना, चिडका म्हातारा इन्स्पेक्टर आणि त्याच्या गळ्यात पडलेली बडबडी पोरगी, दोघांचं जराही पटत नाही, ती? बायकोनं, म्हणजे मीनानं, आणि मी ठरवलं होतं, पाहायची तर जोडीनंच. रविवारी कमानिया गेटवरून खव्याची जलेबी आणली आणि दुसरा भाग लावला. इन्स्पेक्टरनं कपाटाला हात घातला, तर मीनानं आधीच डोळे मिटले. मग आतून प्रेत पडलं.

"कपाटात काय आहे, तुला कसं कळलं?"

"अंदाज, जी."

"खरं सांग, कोणासोबत पाहिला?"

तिनं जलेबीचा तुकडा तोंडात कोंबला. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मीना, खुनी कोण ते याला सांगू नको हं!"

आई! जिचं मीनाशी वरणातल्या मिठावरूनही पटत नाही!

"आई, माझ्याआधी तू दुसरा भाग पाहिला? काहून?"

"दुसरा? अरे, आम्ही दोघी सातवा संपवून बसलो. तू पाह आरामात. जलेबी तेवढी इकडे पाठव, आम्हाला आठवा लावायचा आहे."