धुरपताच्या फोनातली चकती

(परभणी. दोन सख्ख्या जावांची घरं, मधी एकच भिंत. फोन थोरल्या बायनाबाईकडं. त्याच तारेवरचा दुसरा फोन धाकट्या धुरपताबाईकडं. रविवारची सकाळ. टेलिफोनचं काम करणारा सटवाजी धुरपताबाईकडं आलाय, बायनाबाईही तिथंच.)

धुरपताबाई : तार भिंतीतनं येती, सटवाजीभाऊ. आन् भिंतीपलीकडं कोण राहतं ते मला ठाऊक हाय. तिकडूनच कायतरी केलेलं हाय.

सटवाजी : पलीकडचं सगळं बघून आलो, वैनी. तार साबूत हाय. पोराचा आवाज येतो ना तुमाला?

धुरपताबाई : येतो की, खणखणीत. माझाच जात न्हाई. तीन रविवार झाले, मी "बन्सी, बन्सी" वरडायले, आन् ते औरंगाबादेत "हॅलो, माय, हॅलो" करून ठेवून देतंय. परत लावलं की जाऊबाई उचलत्यात. त्यांचा आवाज बरा जातो! मग हसणं-खिदळणं, अर्धा अर्धा घंटा.

बायनाबाई : अगं, बूथवरनं बोलतंय ते. अर्धा घंटा कोण बोलू देईल त्याला?

धुरपताबाई : तुमी मोजत नसाल. मी मोजते.

बायनाबाई : तू कशी मोजतीस?

धुरपताबाई : ...भिंतीतनं ऐकू येतं.

सटवाजी : रिसिव्हर द्या इकडं. बोलायची बाजू उघडतो. ...हे काय? हितं कापूस कोणी कोंबला?

बायनाबाई : कापूस?

सटवाजी : आन् आतली चकती उलटी बसवलेली. हीच तर आवाज उचलती.

धुरपताबाई : उंदराचं काम आसंल.

सटवाजी : उंदराला आटे फिरवता येत न्हाईत, वैनी. हे घ्या, बसवली सुलटी.

बायनाबाई : सटवाजीभाऊ, तिकडं माझा फोन जरा बघून या.

सटवाजी : बघितला की मगाशी.

बायनाबाई : परत बघा.

सटवाजी : ...बरं. जातो.

बायनाबाई : मी बोलताना तू हितं रिसिव्हर उचलून ऐकत व्हतीस व्हय गं? श्वास कळू नये म्हणून कापूस?

धुरपताबाई : हो, ऐकलं. एकदाच ऐकायचं होतं. नंतर कापूस काढला, तर थोडा आतच राहिला. चकती तर व्हती तशीच बसवली, मला वाटलं.

बायनाबाई : आन् आळ माझ्यावर?

धुरपताबाई : तुमच्यावर घालायला सोपं होतं.

बायनाबाई : काय ऐकलंस एवढं?

धुरपताबाई : खानावळीतल्या वरणात अळी निघाली, ते तुमाला सांगितलं. चप्पल हरवली, ते तुमाला. मला काय? "बरं हाय माय, ठेवू का?" पोटात मी वागवलं त्याला, जाऊबाई.

बायनाबाई : आन् तू वर्षभर आंथरुणाला खिळलीस तवा मांडीवर कोणी वागवलं?

धुरपताबाई : तुमी. कधी न्हाई म्हणले मी? पण घेतलं ते घेतलं, परत देयाचं इसरलात तुमी.

बायनाबाई : ...सटवाजीला सुट्टीच्या दिवशी मीच बोलावलं. मागच्या रविवारी बन्सी इचारत व्हता, "माय रुसली का? उचलती आन् बोलंना."

धुरपताबाई : ते न्हाई ऐकलं मी.

बायनाबाई : दुपारून परत लावला व्हता त्यानं, तवा तू शेतात होतीस. ...वाजायलाय बघ. उचल, त्याचाच हाय.

धुरपताबाई : हॅलो? बन्सी? ऐकू यायलं का? ...यायलं? ...न्हाई रे लेकरा, रुसले न्हाई. फोनच बिघडला व्हता. ...जेवलास? आज वरणात काय निघालं न्हाई ना? ...कोणी सांगितलं म्हंजे? माय हाय मी तुझी. ...कोण, मोठी माय? ...न्हाई रे. घरी न्हाई. दळणाला गेली.

बायनाबाई (हळूच) : बोल सावकाश. गिरणीत लय गर्दी हाय आज.