कन्व्हर्टर विकणे आहे

— नाही हो, बूट असू देत पायात, फरशी अजून पुसायचीच आहे. आणि त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतो, इकडे सोफ्यावर बसा. हां, तर वस्तू अगदी नव्यासारखी आहे. नव्यासारखी म्हणजे काय, एकदाच वापरलीय. एकदाच! आणि त्या एकदात आमच्या घराची जी दशा झाली — ते राहू दे, तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी. वस्तू बघा. हा बघा. एवढासा, औषधाच्या बुटक्या बाटलीएवढा. कॅमेरा आणि ते लांबलचक भिंग, यांच्या मधे बसवायचा, की लांबचं दुप्पट जवळ येतं. टेलिकन्व्हर्टर. मी नुसतं कन्व्हर्टर म्हणते. आधी सवत म्हणायचे. हसू नका, खरंच म्हणायचे. रोज संध्याकाळी मऊ फडक्याने पुसून, फुंकर घालून, कापसात गुंडाळून ठेवायचे हे त्याला. माझ्या चष्म्यावर कधी फुंकर घातली नाही.

हे? घरी नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेत. जाहिरात मीच दिली. ह्यांना माहीत आहे — म्हणजे माहीत होईल. हो, होईल ना, कपाट उघडलं की होईलच. तुम्ही नका काळजी करू. तुम्ही दातांचे डॉक्टर ना, फोनवर म्हणालात? मग तुम्हाला बरं समजेल. जवळून बघणारा माणूस. पण एक सांगू का — आता विकणारीने हे सांगू नये — तुम्हाला हा खरंच हवाय का? नाही, घ्या, घ्याच, पण आधी विचार करून घ्या. आमच्या धाकट्या भाऊजींनी लाख समजावलं होतं ह्यांना.

भाऊजी खालच्याच मजल्यावर राहतात. एकटे. लग्न केलं नाही, कॅमेरा केला. दोघा भावांना पक्ष्यांचं वेड, आणि दोघांची भिंगं सारखी. मग भांडायला काही राहिलंच नव्हतं बिचाऱ्यांना, तेवढ्यात हा आला. भाऊजींचं म्हणणं, "दादा, कशाला हे लचांड? आहे त्या भिंगाने फोटो काढ, घरी ये, पक्ष्याभोवतीचा पसारा कापून टाक, उरेल तेवढा तुकडा मोठा कर. झाला पक्षी जवळ." हे म्हणतात, "तुकडा मोठा केलास तरी पिसं कुठून आणशील? नसलेलं मोठं होत नाही. नुसते ठिपके दिसतात, वाळू सांडल्यासारखे." ते म्हणतात, "आणि तुझा हा डबा उजेड किती खातो? चार आणे ठेवतो, बारा आणे गिळतो. हात जरा हलला की पक्ष्याचं भूत." हे सगळं कुठे? जिन्यात! एक वरच्या पायरीवर, एक खालच्या, आणि मधे मी, हातात बादली. मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण इतकं ऐकलंय ना, की आता झोपेत विचारलंत तरी सांगेन.

शेवटी ठरलं, सोक्षमोक्ष लावायचा. पाणीपुरवठ्याचं तळं आहे ना, टाक्यांच्या मागचं — हे तिथेच नोकरीला होते, रखवालदार ओळखीचा — तिथे पाण्यात एक जुना खांब आहे, त्याच्यावर एक खंड्या येऊन बसतो. पक्षी एक, वेळ एक, भिंगं सारखी. हे कन्व्हर्टर लावून काढणार, भाऊजी नुसत्या भिंगाने काढून घरी येऊन कापणार. आणि निकाल कोण देणार? मी. का, तर मला काही कळत नाही! दोघंही हेच म्हणाले. एका सुरात. त्या एकाच गोष्टीवर एकमत.

गेलो. तिथे तळ्याला एक चिंचोळी शेपटी आहे पाण्याची. ह्या काठावर हे, समोरच्या काठावर भाऊजी, मधे खांब. खांबावर खंड्या, अगदी फोटो काढायला बसल्यासारखा. मी ह्यांच्या मागे घडीच्या खुर्चीवर. हे डोळा लावून बसले ते बसलेच. दगड बरा. मला वाटलं, चहा तरी द्यावा, थर्मास घेतला, चार पावलं पुढे गेले — आणि गेले ना मी! काठ कसला तो, वरून वाळलेला, खाली नुसता चिखल. आधी घोटा, मग गुडघा, पाय काढायला जावं तर दुसरा आत. कमरेपर्यंत, डॉक्टर! मी ओरडले, "अहो!" हे ढिम्म. "अहो, मी चिखलात चाललेय!" तर ह्यांनी काय म्हणावं? मान वळवली नाही, डोळा काढला नाही, आणि म्हणाले — "शू! उडेल तो!"

हसा, हसा. आता मीही हसते. तेव्हा थर्मास डोक्यावर धरून उभी होते, तो तरी वाचावा म्हणून. आता यात ह्यांचा काय दोष, असं मी स्वतःला विचारते — आणि मीच सांगते, कन्व्हर्टरचा दोष. त्यातून ह्यांना एक चोच आणि एक डोळा दिसत होता, बाकी जग गेलं खड्ड्यात. म्हणजे मीच गेले. समोर भाऊजींना मात्र नुसत्या भिंगातून सगळं दिसत होतं. खांब, त्याच्यामागे हे, ह्यांच्यामागे मी, निम्मी. ते आले धावत. काठाने नाही, तेवढा दम कुठला, सरळ पाण्यातून! गळ्यातल्या कॅमेऱ्यासकट! छातीभर पाण्यात "वहिनी, हलू नका, हलू नका" करत आले, घडीची खुर्ची आडवी टाकली, तिच्यावर ओणवे झाले आणि मला ओढून काढलं. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे. कॅमेरा मेला. आणि खंड्या उडाला. आणि हे वळून पहिलं वाक्य काय बोलले भावाला? "उडवलास ना!"

मग बघितलं. चिखलात लडबडलेली बायको, निथळणारा भाऊ. चेहरा पांढराफटक पडला हो ह्यांचा. पण वाक्य तर गेलं होतं ना तोंडातून. भाऊजी तडक वळले. चालत घरी गेले, ओल्या कपड्यांनी. तेव्हापासून दोघांत अबोला. मी ह्यांना बजावलं, खाली जा, माझ्यादेखत माफी मागा, मगच मी तुमच्याशी धड बोलेन. तर हे म्हणतात, "लाज वाटते गं." आणि भाऊजींना म्हटलं तुम्ही तरी वर या, तर ते म्हणतात, "दादानं बोलवू दे." मग काय, सगळं माझ्याच गळ्यात. सकाळी खाली जायचं, भाऊजींची समजूत घालायची. दुपारी वर यायचं, ह्यांची कानउघाडणी करायची. ते विचारणार, "दादा काही म्हणाला का?" हे विचारणार, "तो नीट जेवतो का?" इतक्या वर्षांत मला या घरात इतकं कोणी विचारलं नव्हतं. नाही, म्हणजे त्रासच तो. पण — त्रासच आहे, दुसरं काय.

निकाल? काय चटकन पकडलंत हो. निकाल अजून दिलेला नाही. भाऊजींच्या कॅमेऱ्यातलं कार्ड तेवढं वाचलं होतं, त्यांनी खंड्या कापून मला दाखवला. ह्यांचेही फोटो बघितले, हे बाथरूममध्ये असताना. आता तुम्ही परके म्हणून सांगते. ह्यांचे बरेचसे हललेले, अंधारे, भाऊजी म्हणाले तसंच भूत. पण एक! एक फोटो असा आलाय, डॉक्टर, की चोचीवरचा पाण्याचा थेंब दिसतो, आणि डोळ्यात आभाळ. भाऊजींचा खंड्या त्यापुढे विटका वाटतो. म्हणजे जिंकले हेच. पण हे मी सांगू कशी? बायको बुडवून जिंकलेला माणूस! डोक्यावरच बसतील माझ्या. शिवाय निकाल दिला की संपलंच ना सगळं.

आणि एक गंमत. भाऊजींनी खंड्या कापून घेतला, तर मी म्हटलं, उरलेलं मला द्या. हा बघा, फोनमध्ये. ही मी, थर्मासवाली. हे आमचे हे, तोंड कॅमेऱ्यात. आणि हा हात बघितलात? डावा. मागे केलाय, माझ्याकडे. हे शपथेवर सांगतात, तो हात "थांब, आलोच" म्हणून केला होता. मी म्हणते, तो "गप्प बस" म्हणून आहे. म्हणून मी मोठा करून बघते. रोज बघते. मोठा केला की नुसते चौकोन. बोटं उघडी आहेत की मिटलेली तेच कळत नाही. आता वाटतं, त्या दिवशी भाऊजींकडे कन्व्हर्टर असता तर एका हाताचा तरी उलगडा झाला असता. पण मग त्यांना मी दिसले नसते. म्हणजे बघा — तुम्ही दातांचे डॉक्टर, तुम्ही सांगा, हा हात काय म्हणतोय? — नाही ना कळत? कोणालाच कळत नाही. दूधवाल्यालाही विचारलं.

असो. तुम्ही लावून तरी बघा, असं न बघता कोणी घेतं का? थांबा, मीच लावते, मला येतं आता. कॅमेरा, मग हा — टक् — मग भिंग. जड आहे हं. गॅलरीत या. त्या कठड्यावर कोपर टेकायचं, नाहीतर सगळं डुलतं. समोर बाग आहे बघा, रस्त्यापलीकडे. इथून माणसं मुंगीएवढी. आणि आता यातून बघा — थांबा, मी आधी नीट करून देते. झाड. पाटी. "फुले तोडू नयेत." अक्षरं वाचता येतात, बघा! बाक. बाकावर दोन म्हातारे. एक टकलू, एक —

अगं बाई.

थांबा. थांबा जरा. नाही, देते, देते तुम्हाला, एक मिनिट. हे आहेत. आमचे हे! डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेले! आणि शेजारी कोण — भाऊजी! सकाळी कण्हत होते, "वहिनी, अंग मोडून आलंय." मी स्वतः डबा नेऊन दिला त्यांना खाली. तो डबा — तो डबा मधे ठेवलाय बाकावर, आणि दोघं त्यातनं खातायत! हे भाऊजींच्या पाठीवर थाप मारतायत. भाऊजी हसतायत, दात दिसतायत सगळे. वरची दाढ नाहीये वाटतं त्यांना. अहो, हे काही आज भेटलेले दिसत नाहीत. हे रोजचं दिसतंय. कधीचं मिटलंय यांचं! आणि मी वर-खाली, खाली-वर, गुडघे झिजवतेय, आणि दोघं मला अगदी पडेल चेहऱ्याने — "दादा काही म्हणाला का!" काय बेरकी माणसं आहेत. मलाच घाबरून लपवलंय ना! का — मला बरं वाटतंय म्हणून चालू ठेवलंय? नाही. नाही, इतकं कुठलं कळायला यांना.

हे डोळे पुसतायत. हसून पुसतायत की... हसूनच. भाऊजींनी रुमाल दिला.

उठले. डबा झाकला. या बाजूलाच येतायत, रस्ता ओलांडतायत — अहो, जपून, गाडी! — ऐकू कुठलं जातंय इथून. हे आधी येतील वर, ते दोन मिनिटांनी येतील खालच्या दाराने, चोरासारखे. उठा तुम्ही. नाही, विकायचा नाही. नाही म्हणजे नाही, फोनवर काय म्हणाले ते विसरा. दुसरा बघा कुठेतरी, किंवा कापून घ्या, कापलेलंही चांगलं दिसतं, खरंच. जिन्याने नका जाऊ, लिफ्टने जा, समोरासमोर पडाल. आणि पडलातच तर सांगा, विम्याचा माणूस आहे. जा आता, मला हा कापसात गुंडाळायचाय, आणि तोंड रागावलेलं करायचंय, ते काही केल्या होत नाहीये. जा म्हटलं ना —