टॉवरच्या मिटिंगचं इतिवृत्त

सोसायटीत सगळ्यांचं चालतं म्हणता? मग हे ऐका. जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत गच्चीवर मोबाईल टॉवर बसवायचा का, यावर मिटिंग होती. तासभर बाजूचे, विरोधातले सगळे तावातावानं बोलले. मी तर ठाम विरोध केला.

“बोला की शेखसाहेब, सगळ्यांचं ऐकायचंय,” सेक्रेटरी पाटीलकाका म्हणाले.

चहा आला, तेव्हा सही करायला मी त्यांच्यासमोरचं रजिस्टर उघडलं. आजचं इतिवृत्त त्यात पूर्ण लिहिलेलं होतं. माझं बोलणंसुद्धा, शब्द न् शब्द. शेवटची ओळ होती, ‘चहानंतर शेख यांनी विरोध मागे घेतला.’

“काका, मी कुठं मागे घेतलाय?”

“चहा घ्या आधी,” ते शांतपणे म्हणाले.

चहा संपला. मी उठलो आणि विरोध मागे घेतला. का, ते मला अजून सांगता येत नाही.