कोरड्या विटा

– नाही म्हटलं ना एकदा? बांबूंची परांची माझ्या अंगणात लागणार नाही. भिंत माझ्या धाकट्या भावाची असेल, पण तुमचे पाय माझ्या फरशीवर आहेत – आणि ते आधी झटका, भुगा सांडताय सगळीकडे. काय? रंगारी आहात, दिसतंय मला, तारेचा ब्रश घेऊन कुणी दाढी करायला येत नाही. बत्तीस वर्षं गवंडीकाम केलंय मी, मला नका शिकवू. पोपडे काढायचे, खालचा मिठासारखा पांढरा लोणा झाडायचा, तोही कोरड्या ब्रशनं – आणि तुम्ही मघाशी सरळ पाइप घेऊन सुटलात! त्याच्यावर पाणी मारलं की तो भिंतीत जिरतो, आणि रंग वाळला की फोड घेऊन बाहेर येतो. येऊ देत. त्याच्या भिंतीला फोड आले तर माझं काय जातंय? बरंच होईल.

अहो, तिथं नको! हातोडी खाली ठेवा – ठेवा म्हणतो ना! बद्द वाजतंय? वाजू दे. एवढ्या भिंतीत तेवढंच पोकळ वाजतं, हे मला तुमच्या आधीपासून माहीत आहे. तिथं दार होतं. त्याच्या घराचं मागचं दार, माझ्या अंगणात उघडायचं. सख्खे भाऊ आम्ही, मधे एक दार असलं तर नवल काय? अकरा वर्षांपूर्वी बुजवलं. कुणी म्हणजे? मीच, या हातांनी. आई गेली त्या आठवड्यात हा चारचौघांत म्हणाला, थोरल्याला आईपेक्षा स्लॅब मोठा. अहो, स्लॅब ओतत होतो मी! मिक्सर चालू, माणसं रांगेत उभी – अर्धा स्लॅब टाकून कुणी निघतं का? सांधा राहतो, पुढं तिथूनच गळतं. निरोप आल्यावर चार तासांनी पोचलो. ती तासभर आधी गेली होती. आता त्याला मी काय करू? तुम्ही सांगा. नाही, तुम्ही काय सांगणार, ब्रश घासा. तोंड बघायचं नाही ना त्याला माझं – म्हटलं थांब, बुजवूनच टाकतो.

काम कच्चं? जीभ आवरा. माझं काम कच्चं नसतं, कुणालाही विचारा. विटा तेवढ्या – बरं, विटा भिजवल्या नव्हत्या. चूक नव्हे हो! नवखा गवंडीसुद्धा कोरडी वीट लावत नाही. ती सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी पिऊन टाकते, माल धरतच नाही, नेट लावून ढकललं की निघते. मला का हे ठाऊक नव्हतं? पाण्याची बादली भरून ठेवली होती शेजारी. पण म्हटलं, आठ दिवसांत याचं डोकं थंड होईल, दादा म्हणत येईल, मग छिन्नी कशाला, हातानंच काढू दोघं – असं काय बघताय माझ्याकडे? रागात विसरलो, एवढंच. तो भाग सोडा आणि बाकीची भिंत काय घासायची ती घासा.

काय म्हणालात? त्यानं सांगितलंय? आधी तेवढाच भाग पाडा, म्हणून? विटा कोरड्याच लावल्यात म्हणाला? त्याला कुणी सांगितलं? मी तर बायकोलासुद्धा कधी – हां. विटा तोच देत होता. एकेक उचलून माझ्या हातात. एकही पाण्यात बुडवली नाही त्यानं. मीही बुडव म्हटलं नाही. बादली त्याच्या पायाशीच होती. म्हणजे अकरा वर्षं याला माहीत होतं, की एक धक्का दिला की – आणि आता म्हणतो काय, पाडून परत बुजवा, नव्या विटांनी? भिजवून? पक्क्या मालात?

लावा परांची. अंगणात लावा, कुठंही लावा. विटा रात्रभर भिजू द्या, तासभर बुडवून भागत नाही, नाहीतर परत पोकळ वाजेल. नाही, त्याला माझा काही निरोप नाही. मला काही विचारू नका आता, मी आत जातोय. आणि ठोकायला लागायच्या आधी माझं दार ओढून घ्या.