निरोपाला कोणी जायचं नाही

मुलगी : बाई, तुमच्या देशात परत गेल्यावर तुम्ही आम्हाला पत्र लिहिणार का?

बाई : आधी सांग, दार का लावलंस?

मुलगी : बाहेर चौघीजणी कान लावून उभ्या आहेत. प्रश्न त्यांचाच आहे, मी नुसती पुढे ढकललेली. ‘हल्ली फार शिंगं फुटलीत ना तुला, मग विचारून दाखव’ म्हणाल्या. म्हटलं, विचारते की. बाई काय खाणार आहेत मला?

बाई : खाणार नाही. ती टाचणी उचल. कुणाच्या तरी पायात जाईल.

मुलगी : उचलली. हे तक्ते नेणार तुम्ही?

बाई : कपाटात ठेवते. पुढे जे कोणी येतील त्यांना उपयोगी पडतील. आणि पत्राचं म्हणशील तर, नाही. मी लिहिणार नाही.

मुलगी : अहो, असं नसतं बाई. ‘हो’ म्हणायचं असतं. संस्थेकडून दरवर्षी एक जण येतं, बिनपगारी शिकवतं आणि जाताना ‘हो’ म्हणतं. आधीच्या तिघांनी म्हटलं. आमची पैज एवढीच होती की तुम्ही किती सेकंदांत म्हणता. मी तीन सांगितले होते.

बाई : मग तू हरलीस.

मुलगी : सगळ्याच हरलो. पण का नाही लिहिणार? एवढ्या वाईट आहोत आम्ही?

बाई : इथे येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका देशात शिकवत होते. तिथल्या सव्वीस मुलांना मी ‘हो’ म्हणून आले. सहा पत्रं लिहिली. नंतर नोकरी लागली, नंतर माझी आई आजारी पडली. सातवं पत्र अर्धं राहिलं. ते दिसू नये म्हणून मी टेबलाचा तो खण उघडतच नसे. या वेळी कोणालाही ‘हो’ म्हणायचं नाही, असं ठरवून मी आले.

मुलगी : आमचंही एक ठरलेलं आहे. सांगू? ओरडणार नाही ना?

बाई : वर्षभरात कधी ओरडले?

मुलगी : तेच तर. ओरडला असतात तर बरं झालं असतं. त्या पहिल्या बाई गेल्या ना, तेव्हा आम्ही पाचवीत. अख्खा वर्ग बस स्टँडवर, रडून रडून नाकं लाल. त्यांनी वहीत सगळ्यांचे पत्ते लिहून घेतले. मग आम्ही पोस्टमनकाकांचं इतकं डोकं खाल्लं की ते आमच्या गल्लीत सायकल जोरात हाणायला लागले. सहावीत ठरलं. बाहेरून आलेल्यांशी शाळेत हसायचं, बोलायचं, अभ्यासही करायचा. पण घरी बोलवायचं नाही, आणि निरोपाला कोणी जायचं नाही.

बाई : घरी न बोलावणं, हेसुद्धा ठरलेलं होतं?

मुलगी : हो.

बाई : मला वाटलं, माझं बोलणं तुमच्या घरच्यांना कळत नसेल. म्हणून रविवारी मी खोलीत मोठ्याने वाचत असे. उच्चार सुधारले की कोणी बोलावेल, असा माझा हिशेब. चाळीसेक रविवार झाले.

मुलगी : ते आम्हाला ऐकू यायचं. मागच्याच गल्लीत राहतो ना. आई म्हणायची, बाईंकडे पाहुणे आलेले दिसतात.

बाई : नाही. कोणी नसे.

मुलगी : उद्या बस कितीची आहे?

बाई : सातची. पण तू येऊ नकोस. मी जाईन, तुला मात्र बाहेरच्या चौघींबरोबरच राहायचं आहे.

मुलगी : द्या इकडे तो तक्ता. किती वाकडा गुंडाळताय.

(त्याच संध्याकाळी, मुलीच्या घरी. आई, बाबा आणि मुलगी वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाभोवती बसली आहेत.)

आई : त्या टॉवेलनं काय घोडं मारलंय तुझं? तिसऱ्यांदा घडी घालतेयस.

मुलगी : आई, बाईंकडे पाहुणे येत नव्हते. त्या एकट्याच मोठ्याने वाचायच्या.

आई : एकट्याच? अगं बाई.

बाबा : मग बोलवायचं होतं की आपल्याकडे.

आई : अहो, दोनदा म्हटलं मी. हिनंच ‘आमचं ठरलंय’ म्हणून उडवून लावलं.

मुलगी : हो, मीच. ते नियमाचं खूळही माझंच. बाकीच्यांनी नुसत्या माना डोलावल्या होत्या. आज बाईंना सगळं सांगितलं, तेवढं नाही सांगता आलं.

बाबा : लहान होतीस गं तेव्हा.

आई : आणि लहानपणी काय झालं ते विसरलात का? शाळेतून आली की दप्तर न उतरवता आधी दाराखाली हात घालून बघायची, पत्र सरकवलंय का म्हणून. मला नाही ते पुन्हा बघवायचं.

मुलगी : या वेळी पत्र येणारच नाहीये. बाईंनी तोंडावर सांगितलं.

आई : मग एवढं कसलं घेऊन बसलीस?

मुलगी : मी उद्या सकाळी त्यांना सोडायला स्टँडवर जाणार आहे. तिकडे चौघींना सांगून टाकलंय. त्यांनी अबोला धरलाय, तेव्हा उद्यापासून बाकावर एकटीच असेन.

बाबा : मी येऊ का सोबत?

मुलगी : नको बाबा. फक्त परत आल्यावर थोडा वेळ कोणी माझ्याशी बोलू नका.