थोरल्या जावयाचा पासपोर्ट

...अन् वर मलाच इचारतात, 'अजिनाथराव, भाईरच्या देशात ऱ्हायला खोली घ्यायची तर कोनकोनते कागद लागतात हो?' बसा, बसा सगळे, सर्व्हर बंद हाय, तुमचे दाखले काही आत्ता निघत न्हाईत, तवर सांगतो. एकच कागद लागतो. पासपोर्ट. पन पयला कुनाचा लागतो, ह्या एका गोष्टीवरनं माझं अख्खं व्हिएतनाम वाया गेलं.

तुमाला सांगतो, बारा वर्सं झाली सुप्यात, ह्या दाखल्यांच्या दुकानात, ह्या खुर्चीवर. एमआयडीसीत कामाला आलेलं पोरगं, मग ते बिहारचं असू दे न्हाईतर लातूरचं, खोली मागायला गेलं की घरमालक आधी इकडं धाडतो, 'जा, अजिनाथकडनं आधारची झेरॉक्स आन.' अन् मी नुसती झेरॉक्स हातात देत न्हाई. तिच्यावर दोन तिरप्या रेघा मारायच्या, मधी लिहायचं 'फक्त खोली भाड्यानं घेण्यासाठी', खाली तारीख, सही. कारन कोरी झेरॉक्स म्हंजे दावं सुटलेलं जनावर, कुनाच्या रानात शिरंल सांगता येत न्हाई. सासुरवाडीचे तर झाडून सगळे कागद माझ्या हातचे. सासूबाईंचं रेशनकार्ड मी केलं, मेव्हनीच्या, सविताच्या, लग्नाचं सर्टिफिकेट मी काढलं... अन् त्या सर्टिफिकेटात ज्याचं नाव मी माझ्या ह्या बोटांनी टाईप केलं त्यो हर्षल, माझा साडू, पुन्याला कंपनीत हाय, त्यो मला काय म्हनावा? 'साडूभाऊ, डॉक्युमेंट्सचं टेन्शन घेऊ नका. मी बघतो.'

त्यो बघतो. कागदाचं. माझ्यासमोर.

आता मला काही हेवा न्हाई. हेवा करनारा मानूस मी न्हाईच, इचारा कुनालाबी. पन जगात काही रीत हाय का न्हाई? थोरला जावई कोन? मी. पयली टोपी कुनाला, पयला पाट कुनाला? मलाच हुता, सात वर्सं हुता. मग हे हर्षलराव आले, जर्मनीला काय गेले, सिंगापूरला काय गेले, अन् पासपोर्टावर शिक्के काय मारून आनले... सासूबाई, रंगुबाई नाव त्यांचं, त्यो पासपोर्ट शेजारनींना दाखवत्यात, लग्नाचा अल्बम दाखवावा तसा. एकेक पान उलटून. अन् तवापास्नं चहाचा पयला कप कुठं जातो? आमी बसलेलोच असतो की तिथं, आमाला डोळे न्हाईत का?

तर ठरलं असं, की आमी दोघं, म्हंजे मी अन् आमची ज्योती, ती दोघं, अन् सासूबाई, असे पाच जन व्हिएतनामला जायचं. समुद्राकाठी फ्लॅट, सोळावा मजला, आठ दिवसांसाठी. हर्षलनं मोबाईलवर बुक केला अन् कौतुकानं मला दाखवला. वरती मोठ्या अक्षरात नाव, हर्षल. खाली बारीक अक्षरात, 'अधिक चार पाहुणे'. मी म्हनलं, ह्यात मी कुठं हाय? म्हनला, 'हे काय साडूभाऊ, त्या चारात.'

त्या चारात! पारनेर तालुक्यात माझ्या सहीबिगर मानूस मुक्कामाला टिकत न्हाई, अन् मी कोन, तर 'अधिक चार' मधला पाव हिस्सा.

बरं, हेबी गिळलं. मग पुढच्या रईवारी सासुरवाडीत सगळे बसलोय अन् त्या फ्लॅटच्या मालकिनीचा निरोप आला. लान नावाची बाई. तिला ना मराठी, ना हिंदी, तिचा मोबाईल तिचं बोलनं आपल्या भाषेत करतो, अन् त्यातली ती मशिनची बाई बोलते कशी, तर शाळा तपासायला साहेब आल्यासारखी: 'नमस्कार. कृपया मुख्य पाहुण्याच्या पारपत्राचे छायाचित्र पाठवा. पोलिसांकडे नोंद करायची आहे. इतर पाहुण्यांचे आल्यावर पाहू.' हर्षलनं खिशातनं पासपोर्ट काढला, टक् करून फोटो, गेला. मिनिटात उत्तर: 'धन्यवाद, श्री. हर्षल. आपण फार व्यवस्थित गृहस्थ आहात.' अन् सासूबाई पदर सावरून म्हनत्यात, 'बघा, परमुलखातबी आधी आमच्या हर्षलरावांनाच इचारत्यात.'

इतर पाहुने! आल्यावर पाहू!

मला हेवा न्हाई. पन त्या रात्री मला जेवन गेलं न्हाई, हे खरं हाय. लान बाईचा नंबर हर्षलनं घरच्या ग्रुपवर टाकला हुताच. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, उदबत्ती लावली, अन् पाठवला तिला माझा पासपोर्ट, पयलं पान, शेवटचं पान. मग वाटलं, हा तर कोरा, एक शिक्का न्हाई, बाई काय म्हनंल? म्हनून मागनं आधार पाठवलं, दोन्ही बाजू. पॅन पाठवलं. मतदान कार्ड, लायसन, दुकानाचा परवाना... ज्योती डबा घेऊन आलेली, ती म्हनते, 'अहो, त्या बाईला सातबारा कशाला?' म्हनलं, असू दे, कळू दे कुनाशी गाठ हाय ते.

अन् आता तुमी इचारनार, त्याच्यावर रेघा मारल्या का? न्हाई मारल्या. चूक झाली, कबूल. पन हर्षलचा फोटो तिथं सोच्छ गेलेला, अन् माझ्या तोंडावरनं दोन तिरप्या रेघा? ती बाई दोघांचे कागद शेजारी-शेजारी ठेवनार, त्यात मी रद्द झालेल्या चेकासारखा दिसनार? जीव झाला न्हाई. कोरेच पाठवले, अन् खाली लिहिलं, 'घरातला थोरला जावई मी आहे. मुख्य पाहुणा म्हणून माझी नोंद करावी.' संध्याकाळी उत्तर: 'समजले. कुटुंबप्रमुख आपण. पोलिसांतील नोंद बदलली.' तुमाला सांगतो, त्या दिवशी मी सगळ्या गिऱ्हाइकांना चहा पाजला. हर्षलला सांगितलं तर त्यो म्हनतो, 'अरे वा, उत्तम झालं साडूभाऊ.' जरा बी वाईट वाटलं न्हाई त्याला. तवाच मला शंका यायला पायजे हुती.

गेलो. दारात लान बाई हुभी, हातात कागद. 'श्री. अजिनाथ कोण?' मी पुढं. सही माझी. चावी माझ्या हातात. सासूबाई बघतायत, मी दार उघडून म्हनलं, 'या आई.' दोन दिवस असे गेले, की समुद्र बघायचंसुदिक ध्यानात राहिलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी हर्षलला आठवला ठेचा. 'आई, तीन दिवस नुसता पाला खातोय, तुमच्या हातचा ठेचा करा ना.' धाकट्या जावयानं मागितलं अन् सासूबाईंनी केलं न्हाई, असं कधी झालंय? बाजारातनं तिथल्या मिरच्या आनल्या, बोटाएवढ्या, तवा तापवला, तेल सोडलं, मिरच्या टाकल्या... अन् छताला एक पांढरी डबी हुती, आमाला वाटलं बल्ब हाय, ती जी वरडायला लागली! आमची डबी वरडली म्हनून शेजारची वरडली, मग मजल्याची, मग इमारतीची, लिफ्टा बंद, बावीस मजल्यांची मान्सं जिन्यानं खाली, कोन टॉवेलवर, कोन मांजर घेऊन, कुनाच्या तोंडाला अर्धी दाढी, अन् आमीबी खोकत-शिंकत सोळा मजले उतरतोय, सासूबाईंच्या हातात उलथनं तसंच. खाली आगीचा बंब. अन् मॅनेजर वही घेऊन हुभा: 'ह्या फ्लॅटचा मुख्य पाहुणा कोण?'

हर्षल एक पाऊल मागं सरकला. कसा? देवळात थोरल्या मानसाला वाट द्यावी तसा, हात पुढं करून. 'साडूभाऊ, या ना. तुमचीच नोंद आहे.'

त्या इमारतीचा नियम असा, की कुनी असला घोळ केला की लिफ्टमधी नोटीस लागते. सकाळी लिफ्ट उघडली अन् समोर मी. पासपोर्टातला फोटो, वहीच्या पानाएवढा केलेला, वरती लाल इंग्रजी अक्षरात 'ह्यांच्यापासनं सावध', खाली माझं नाव, बापाचं नाव, मुक्काम पोस्ट सुपे. एकबी रेघ न्हाई, चकचकीत. लिफ्टमधी मान्सं फोटोकडं बघनार, मग माझ्याकडं बघनार, मग पुन्हा फोटोकडं. एका बाईनं आपलं लेकरू ह्या बाजूचं उचलून त्या बाजूला घेतलं. अन् हर्षल छातीवर हात ठेवून ज्याला-त्याला सांगतोय, 'आय ॲम ओन्ली हिज गेस्ट.' ठेचा खाल्ला त्यानं, बरं का. नंतर, वर गेल्यावर, पावाला लावून.

चौथ्या दिवशी लिफ्टमधी मी, सासूबाई अन् लान बाई. सासूबाईंना काही इंग्रजी येत न्हाई. चष्मा लावला, त्या कागदाकडं लई येळ बघितलं, अन् म्हनाल्या, 'हर्षलरावांचा न्हाई व्हय लावला?'

म्हनलं, 'न्हाई आई. माझाच.'

म्हनाल्या, 'शोभतोय. थोरलं ते थोरलंच शेवटी.'

आता काय सांगू तुमाला, पाच वर्सं मी ह्या वाक्यासाठी थांबलेलो. अन् तेवढ्यात लान बाईनं मोबाईल पुढं धरला, अन् ती मशिनची बाई बोलली: 'श्री. अजिनाथ, आपण फार शरमिंदे दिसता. आपली इच्छा असल्यास ही नोटीस आजच काढून टाकते.'

मी एकदा सासूबाईंकडं बघितलं, त्या अजून फोटोच न्याहाळत हुत्या. म्हनलं, 'राहू द्या. चारच दिवस राहिलेत.'